हंगामाचा सण आणि अर्धवट राहिलेले दृष्टांत

चर्चमधला हंगामाचा सण म्हणजे लिलाव, बाकी सगळं त्यानंतर, असं आम्हा पोरांचं ठाम मत होतं. नगर जिल्ह्यातलं आमचं कोरडवाहू गाव. बाजरी खळ्यावरून घरात आली की पंचकमिटी तारीख धरायची. त्या रविवारी वेदीपुढे बाजरीच्या पायल्या, भुईमुगाच्या शेंगा, डांगर भोपळे आणि पाय बांधलेल्या कोंबड्या. पाळकसाहेबांचा उपदेश रंगात आला की नेमकी एखादी कोंबडी ओरडायची, आणि आमच्या बाकावर कोपरं मारायला सुरुवात व्हायची. उपासना संपली की कमिटीचे सेक्रेटरी पायरीवर उभे राहून एकेक वस्तू पुकारत. ज्यानं कोंबडी दिली त्यानंच ती दुप्पट भावानं सोडवून न्यायची, हे तर दरवर्षीचंच. एका साली एक भोपळा तीनदा विकला गेला, कारण घेणारा प्रत्येक जण पैसे भरून तो पुन्हा वेदीपुढे नेऊन ठेवत होता.

आदल्या रात्री कीर्तन. अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये नगरला आलं, आणि त्याच शतकात कृष्णाराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, म्हणून आमच्याकडे टाळ, मृदंग, पेटी आणि पूर्वरंग-उत्तररंग हे सगळं आपसूकच होतं. पूर्वरंगात नारायण वामन टिळकांचा एखादा अभंग, उत्तररंगात उधळ्या पुत्राचं आख्यान. बुवा इतकं रंगवून सांगायचे, की परत आलेल्या लेकाकडे बाप धावत सुटला म्हटल्यावर म्हातारी माणसं डोळ्याला पदर लावायची. ते सगळं मोठं गोड होतं. पण मला आज आठवतो तो दुसऱ्या दिवशी जेवणाआधीचा बायबल अभ्यास, कारण तिथं कोणी गोड बोलत नसे.

अभ्यास चर्चच्या मागच्या लिंबाखाली व्हायचा. सतरंजीवर एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला पुरुष, पलीकडे आमटी रटरटतेय. पाळकसाहेबांची एक रीत होती. येशूच्या दृष्टांतांतला, म्हणजे बोधकथांतला, सोपा भाग ते घेतच नसत. सोपं आहे ते घरी वाचा, म्हणायचे. एका वर्षी चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत निघाला. वाटेत लुटून टाकलेल्या जखमी माणसाला एक परका शोमरोनी आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेतो, आणि येशू विचारतो, त्याचा शेजारी कोण ठरला? जुन्या काळचा ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टिन यानं त्याचा अर्थ कसा लावला ते पाळकसाहेबांनी सांगितलं: लुटला गेलेला माणूस म्हणजे आदाम, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे मंडळी आणि उतारशाळेचा मालक म्हणजे प्रेषित पौल. बायांतून आवाज आला, "अन् ते जनावर कोण मग?" सगळे हसले. पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, "त्याचाही अर्थ लावलाय त्यानं. ख्रिस्तानं धारण केलेलं शरीर." त्यावर ती आजी म्हणाली, "एवढं सगळं लावत बसलं तर त्या जखमी माणसाला उचलायचं कुणी?" मला दोन्ही पटलं होतं, अजूनही पटतं. ऑगस्टिनच्या वाचनात एक भक्तीची ऊब आहे, पण आजीचा प्रश्न येशूच्या प्रश्नाच्या जास्त जवळचा आहे.

खरी खडाजंगी झाली ती मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या विसाव्या अध्यायावर. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, मग दिवसभर आणखी लावत जातो, अगदी मावळतीला तासभर उरला असतानाही. आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखाच एक दिनार. पुरुषमंडळी सरळ म्हणाली, हा अन्याय आहे. असा मालक उद्या पहाटे नाक्यावर गेला तर त्याला एकही मजूर मिळणार नाही. बोलणं बिनतोड होतं.

मग बाया बोलल्या. त्यातल्या बऱ्याच जणी 72 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या. त्यातली एक म्हणाली, "दिवस कलला तरी नाक्यावर कोण उरतं, ठावं हाय का? म्हातारी, नाहीतर कडेवर लेकरू असलेली. धडधाकट सकाळीच उचलली जात्यात." धनी विचारतो, तुम्ही दिवसभर रिकामे का उभे राहिलात, आणि ते सांगतात, आम्हाला कोणी कामावर लावलं नाही. ही ओळ मी संडे स्कूलमध्ये पाठ केली होती, पण तोवर त्या ओळीत मला माणसं दिसली नव्हती. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, चूल पेटण्यापुरती. एका तासाच्या मजुरीवर त्या लेकराचं काय भागणार, असं तिचं म्हणणं. दुसरीनं आणखी एक धागा काढला. मजुरी वाटताना धनी कारभाऱ्याला सांगतो, शेवटच्यापासून सुरुवात कर. पहिल्यांना आधी देऊन वाटेला लावलं असतं, तर कुरकुर झालीच नसती. "मुद्दाम दाखवलं त्यानं," ती म्हणाली. का दाखवलं, यावर आमटी निवेपर्यंत वाद चालला.

लूकच्या सोळाव्या अध्यायातला अन्यायी कारभारी निघाला, तेव्हा नुसत्या 'कारभारी' शब्दावर बायांत खसखस पिकली. नोकरी जाणार म्हटल्यावर हा गडी धन्याच्या कुळांना बोलावतो, शंभर मापं तेलाच्या जागी पन्नास लिहायला लावतो, शंभर मापं गव्हाच्या जागी ऐंशी, आणि धनी चक्क त्याची वाहवा करतो! सोसायटीत हिशेब लिहिणारे एक काका म्हणाले, सावकाराच्या कागदात व्याज आधीच मुद्दलात मिसळून लिहिलेलं असतं. यानं ते काढून टाकलं असेल. पाळकसाहेब खूश झाले. मोशेच्या नियमात भावाकडून व्याज घ्यायला बंदी आहे आणि काही अभ्यासकही हेच म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. पण मग काकांनीच विचारलं, "तसं असेल तर बायबल त्याला अन्यायी का म्हणतं?" पाळकसाहेब थोडा वेळ पुस्तकात बघत राहिले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी खरंच पुन्हा तोच भाग निघाला. तेव्हाही सुटला नाही.

आता बाहेरून वक्ते येतात, पडद्यावर मुद्दे दिसतात, तासाभरात दृष्टांत सुटलेला असतो. मला ते फारसं मानवत नाही. दर सणाला कोणीतरी एक ओळ गाठीला मारून घरी न्यायचं, वर्षभर ती टोचत राहायची, आणि प्रार्थना खरी सुरू व्हायची ती तिथून.

एका साली पुरंदरकडचे एक पाहुणे सणाला आले होते, अंजिराचे बागायतदार. नेमका मार्कचा अकरावा अध्याय निघाला. येशूला भूक लागते, झाडाला नुसती पानं, आणि मार्क वर स्वतःच सांगतो की तो अंजिरांचा हंगाम नव्हता. तरी झाडाला शाप. पाहुणे अस्वस्थ झाले. पाळकसाहेबांनी समजावलं, की मार्क शाप आणि वाळलेलं झाड यांच्या मध्ये मंदिराच्या शुद्धीची, म्हणजे येशूनं तिथल्या व्यापाऱ्यांना हाकलल्याची, गोष्ट ठेवतो; वरून हिरवं आणि आत फळ नाही, असं ते मंदिर. "मंदिराचं समजलं," पाहुणे म्हणाले, "पण बहाराआधी मागितलं तर झाडाचा काय गुन्हा?"

मग कोणीतरी लूकचा तेरावा अध्याय काढला. तिथलं अंजिराचं झाड तीन वर्षं वांझ. धनी म्हणतो तोडून टाक, माळी म्हणतो यंदाचं वर्ष राहू दे, मी भोवती खणून खत घालतो. पाहुण्यांचा चेहरा खुलला. हा माळी आपल्यातला आहे म्हणाले, आणि अंजिराच्या मुळाला धक्का न लावता आळं कसं खणायचं, शेणखत किती कुजलेलं हवं, हे हातवारे करून सांगायला लागले. तोवर पत्रावळ्या मांडून झाल्या होत्या. आजीनं तिथूनच ओरडून विचारलं, "अन् पुढच्या सालीबी न्हाई आलं फळ, तर?"

"लूकनं लिहिलं नाही," पाळकसाहेब म्हणाले. "बसा जेवायला."