‘दादा, यावर चालेल का?’

म्हणजे अमुक गेम या कॉम्प्युटरवर चालेल का. माझ्या काउंटरवर रोज निदान दोन-तीन वेळा हा प्रश्न येतो. कराडला शनिवार पेठेत माझं दुकान आहे, कॉम्प्युटर जोडून द्यायचं आणि दुरुस्तीचं काम बारा वर्षं करतोय. पूर्वी मी पटकन ‘चालेल’ म्हणून मोकळा व्हायचो. गेल्या दिवाळीपासून तसं म्हणवत नाही. का, ते सांगतो.

ओगलेवाडीचा एक मुलगा, अकरावीतला. वडील एसटीत कंडक्टर. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून पीसी घ्यायचं ठरलं होतं. अभ्यास, थोडं कोडिंग आणि एक गेम. गेमचं नाव लिहीत नाही, पण त्याचा ट्रेलर त्या पोरानं मला काउंटरवरच दोनदा दाखवला. पाऊस पडून गेलेली बाजारपेठ, ओल्या फरशीत हलणारे कंदील, गर्दीतून वाट काढत जाणारा घोडा. बघताना त्याचा चेहरा असा उजळला होता की मलाही बरं वाटलं. साठ हजारांच्या आत बसवायचं होतं. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एसएसडी डिस्क आणि चित्र काढायला ८ जीबीचं आरटीएक्स ३०५० हे ग्राफिक्स कार्ड असं जुळवलं. गेमच्या पानावर कसली मशीन लागेल याचा तक्ता असतो, त्यात ‘किमान’च्या रकान्यात याहून हलकं कार्ड लिहिलेलं होतं. ते वाचून मी म्हणालो, ‘चालेल.’ वडिलांनी तो तक्ता बघितलाही नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पैसे मोजले.

तिसऱ्या दिवशी फोन. ‘दादा, गेम अडकतोय.’

रविवारी गेलो. पुढच्या खोलीत शिलाई मशीनच्या शेजारी टेबल लावलेलं, मॉनिटरवर अजून प्लास्टिक तसंच. गेम सुरू केला तर आधी ‘शेडर तयार होत आहेत’ अशी पट्टी आली आणि टक्के मुंगीच्या पावलांनी चढायला लागले. बावीस मिनिटं. वहिनींनी चहा केला, तो पिऊन झाला, कप विसळून झाले, तरी पट्टी संपेना.

ही पट्टी काय असते, ते वडिलांना जसं सांगितलं तसंच इथे लिहितो. पडद्यावरचं पाणी, धूर, कातडी, धातू कसा दिसावा हे सांगणारे छोटे छोटे प्रोग्रॅम म्हणजे शेडर. कन्सोलमध्ये, म्हणजे प्लेस्टेशनसारख्या टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रात, सगळ्यांच्या घरी एकच चिप, त्यामुळे कंपनी ते आधीच तयार करून पाठवते. पीसीत प्रत्येकाचं कार्ड वेगळं, ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) वेगळा, म्हणून ते आपल्या घरी, आपल्या मशीनवर तयार करावे लागतात. जे गेम ही पट्टी दाखवतात ते निदान प्रामाणिक. काही गेम ती टाळतात आणि खेळताना पहिल्यांदा स्फोट झाला की त्याच क्षणी शेडर बनवायला घेतात. तेवढा वेळ पडदा गोठतो.

आणि ही बावीस मिनिटं खेळण्याच्या वेळेत धरली जातात. स्टीमसारख्या ऑनलाइन दुकानात खेळून दोन तास व्हायच्या आत गेम परत करता येतो, पण पोरानं पहिल्याच दिवशी ती हद्द ओलांडली होती. त्यातला बराचसा वेळ तो पट्टीकडे बघत आणि सेटिंग बदलत बसला होता.

गेम उघडल्यावर सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे किती चित्रं, येतात तो आकडा मी कोपऱ्यात लावला. ५८. आकडा चांगला होता. मोकळ्या माळावर घोडा छान पळत होता. मग त्यानं बाजारपेठेच्या वळणावर घेतला आणि चित्र टचकन थांबलं, पुन्हा सुटलं. कोपऱ्यातला आकडा जेमतेम खाली गेला. मी फ्रेम टाइमचा, म्हणजे एकेका फ्रेमला किती वेळ लागतो त्याचा, आलेख चालू केला. १७, १७, १८, १७ मिलिसेकंद अशी सरळ रेघ आणि मध्येच एक सुळका, १४०.

गोम इथेच आहे. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. एका सेकंदात एकच फ्रेम १४० मिलिसेकंद घेऊन बसली आणि बाकीच्या १७च्या हिशोबानं आल्या, तरी त्या सेकंदात पन्नासेक फ्रेम होतात. कागदावर पन्नास दिसतात, वाईट वाटत नाही. पण हाताला तो झटका कळतो. भजनात पखवाजवाल्याची एक मात्रा चुकली तर पूर्ण अभंगाची सरासरी लय बरोबर होती असं कुणी म्हणतं का? मान डोलवणारा माणूस तिथेच थांबतो.

टेक्स्चर, म्हणजे भिंती-कपड्यांच्या पृष्ठभागावरची चित्रं, ‘हाय’वरून ‘मीडियम’वर आणले, कारण कार्डाची ८ जीबी मेमरी काठोकाठ भरत होती. झटके निम्म्यावर आले. बाजारपेठेच्या वळणावरचा मात्र राहिला. पाच वेळा गेलो, पाचही वेळा त्याच दगडी कमानीखाली तोच झटका. पुढचा भाग डिस्कवरून उचलून मांडताना गेम स्वतःच अडखळत होता, तिथे कुठलं सेटिंग काम करणार? वडिलांनी विचारलं, ‘कार्ड खराब लागलं काय?’ नाही म्हणालो. पोरगा हळूच म्हणाला, ‘दादा, माझंच काहीतरी चुकतंय का?’ तीन दिवस तो यूट्यूबवर बघून एकेक सेटिंग बदलत बसला होता. आपलीच चूक आहे असं समजून. हे मला फार लागलं.

त्याची चूक नव्हती. माझी थोडी होती. ‘किमान’ या शब्दावर मी विश्वास टाकला. किती रिझोल्यूशनला (चित्र किती बारीक ठिपक्यांचं) किमान, किती फ्रेमला किमान, हे त्या तक्त्यात नव्हतंच.

हे एका गेमपुरतं नाही. २०१५ च्या जूनमध्ये बॅटमॅनचा अर्खम नाइट हा गेम पीसीवर आला तो सेकंदाला ३० फ्रेमवर बांधलेला. इतका अडखळत होता की दुसऱ्याच दिवशी तो काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्सनं पीसीची विक्री थांबवली, ती ऑक्टोबरअखेर पुन्हा सुरू झाली. सायबरपंक २०७७ तर सगळ्यांना आठवत असेल. २०१२ मध्ये घोषणा, २०१९ मध्ये मंचावर हॉलिवूडचा नट कियानू रीव्हज, २०२० मध्ये तीनदा पुढे ढकललेली तारीख, आणि १० डिसेंबरला येण्याआधीच ८० लाखांवर आगाऊ नोंदणी. परीक्षकांना आधी फक्त पीसीची आवृत्ती दिली होती, तीही स्वतः टिपलेलं चित्रण दाखवायचं नाही या अटीवर. जुन्या कन्सोलवर तो कसा चालतो हे विकत घेतल्यावरच लोकांना कळलं. आठवडाभरात सोनीनं तो आपल्या दुकानातून काढला, तो परत आला जून २०२१ मध्ये. आज तो गेम उत्तम आहे, मी स्वतः मनापासून खेळलोय. पण पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजणाऱ्याला आजचा गेम मिळाला नव्हता.

सिटीज स्कायलाइन्स २ या शहर वसवायच्या गेमच्या लोकांबद्दल मात्र मला आदर आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये गेम यायच्या आठवडाभर आधी त्यांनी स्वतःच लिहिलं की वेगाचं जे उद्दिष्ट होतं ते गाठलेलं नाही. गेम जडच निघाला. शहरातल्या माणसांच्या तोंडातले दातसुद्धा घडवलेले होते आणि लांबून बघताना वापरायची हलकी आवृत्ती त्या माणसांना नव्हती. पण आधी सांगितलं होतं. ज्याला थांबायचं होतं तो थांबू शकला.

आता तर ‘६०’ या आकड्याचाच अर्थ बदललाय, आणि याची मला जास्त काळजी वाटते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स हा गेम आला. त्याच्या तक्त्यात ‘शिफारस’च्या रकान्यात १०८०पी (फुल एचडी रिझोल्यूशन) आणि ६० फ्रेम लिहिले होते, फ्रेम जनरेशन चालू ठेवून. म्हणजे त्यातल्या बऱ्याच फ्रेम गेमनं काढलेल्या नसतात, कार्डानं दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये अंदाजानं भरलेल्या असतात. मधली भरायची तर पुढची खरी फ्रेम आधी हातात असावी लागते, म्हणून ती जरा रोखून धरतात. डोळ्याला ६० दिसतात, पण माऊस हलवल्यावर उत्तर ३०च्या चालीनं येतं, किंवा त्याहून उशिरा. खऱ्या फ्रेम आधीच ६०च्या आसपास असल्या तर ही सोय छान आहे, असं कार्ड बनवणाऱ्या एएमडी कंपनीनंही आपल्या तंत्राबद्दल सांगितलंय. तीसचे साठ करायला ती वापरली की खेळणाऱ्याच्या हाताला जड लागते. हा गेम काढणाऱ्या कॅपकॉमनं एक गोष्ट चांगली केली होती, गेम येण्याआधी फुकटचा बेंचमार्क, म्हणजे मशीनचा वेग मोजणारा प्रोग्रॅम, दिला. मी तो दुकानातल्या तीन मशीनवर चालवला आणि त्यावरून दोन गिऱ्हाइकांना थांबायला सांगितलं.

त्याच वर्षी जानेवारीत आरटीएक्स कार्डं बनवणाऱ्या एन्व्हीडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी मंचावरून सांगितलं की ५४९ डॉलरचं आरटीएक्स ५०७० हे ४०९० इतकं काम देईल. ४०९० आलं तेव्हा त्याची किंमत १,५९९ डॉलर होती. ही तुलना एका खऱ्या फ्रेममागे तीन बनवलेल्या फ्रेम धरून होती. मेमरी एकाची १२ जीबी, दुसऱ्याची २४. दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे एक जण त्याचं चांगलं चालणारं कार्ड विकायला घेऊन आला. त्याला खुर्चीवर बसवलं, वहीत दोन ओळी काढून समजावलं, आणि कार्ड त्याच्या पिशवीत परत ठेवलं.

तेव्हापासून मी बिलाच्या मागे पेनानं लिहून देतो. गेमचं नाव, १०८०पी, टेक्स्चर मीडियम, खऱ्या फ्रेम किती, आणि सर्वांत हळू येणाऱ्या एक टक्का फ्रेमच्या वेळी आकडा कुठवर घसरतो. जो गेम मी मोजलेला नाही तिथे ‘मोजलेलं नाही’ असं लिहितो. याला वेळ लागतो. मागे उभं असलेलं गिऱ्हाईक कधी कधी निघून जातं. ओगलेवाडीच्या पोराचा तो गेम दोन महिन्यांनी अपडेट आल्यावर सुधारला. त्यानं मला कमानीखालून घोडा नेतानाचा व्हिडिओ पाठवला. झटका अजून आहे, पण पूर्वीइतका नाही.

परवा नववीतला एक जण आईला घेऊन आला. ‘दादा, जीटीए ६ साठी पीसी करायचाय. ट्रेलर बघितला का?’ बघितलाय, दोन्ही बघितलेत. त्याला मोबाइलवर कंपनीचीच घोषणा काढून दाखवली. त्यात प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स-एस हे कन्सोल आहेत, पीसीचं नाव नाही. पाचवा भाग कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला होता आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये, हेही सांगितलं. त्याचं तोंड उतरलं. आईनं विचारलं, ‘मग आत्ता काय घ्यावं?’

मी म्हणालो, ‘ताई, शाळेसाठी लागत असेल तर साधा पीसी घ्या, कार्ड नको. पॉवर सप्लाय तेवढा चांगला घालतो, म्हणजे पुढे कार्ड बसेल. त्याच्या त्या गेमचे पैसे बाजूला ठेवा. पीसीवर आला की पहिले पंधरा दिवस जाऊ द्यात, मग याला माझ्याकडे पाठवा. मी आधी मोजून ठेवतो.’