चौरंगाचा रंग

चौरंगातल्या 'रंग'चा रंगाशी संबंध नाही. चार अंगं, म्हणजे चार पाय, म्हणून तो चौरंग. तरी बेळगाव-खानापूरकडच्या जुन्या घरात गणपतीच्या आधी माळ्यावरून एखादा असा चौरंग उतरतो की शब्दाची फोड विसरावी. पायांवर लाल-पिवळी-हिरवी कडी, वर वेलबुट्टी, एका कोपऱ्यात निरांजनानं भाजलेला काळा डाग. आणि तो सोप्यात ठेवायच्या आतच कुणीतरी म्हणतं, "रंग पार गेलाय की! तासून पॉलिश मारून घ्या."

तासल्यावर हाती काय येणार? खाली सागवान असेल ही आशा बहुधा फोल ठरते. रंगवायच्या कामाला पांगारा, सावर, आंबा असलं हलकं, मऊ लाकूड घेत. त्याला ना देखणी रेघ, ना टिकाव. म्हणून तर त्यावर रंग चढला. रंग काढला की उरते ती भुंग्यांनी पोखरलेली फळी.

त्या एका चौरंगावर दोन वेगळ्या कारागिऱ्या असतात. पाय चरकावरचे, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावरचे. लाकूड फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबून धरायची. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते आणि कडं उमटतं. मग केवड्याच्या पानानं घासून चकाकी आणायची. इथे कुंचला लागतच नाही, म्हणून कड्याची कड सुरीनं कापल्यासारखी सरळ. आंबोली घाट उतरला की सावंतवाडी, आणि तिथलं लाखकाम प्रसिद्धच आहे.

वरची फळी मात्र चित्रकाराची. आधी भेगा लाकडाचा भुसा आणि सरस कालवून बुजवायच्या. मग खडूची पूड सरसात किंवा चिंचोक्याच्या खळीत मिसळून चार-पाच हात. प्रत्येक हात वाळल्यावर घोटायचा. घाई केली की खालचा ओलावा अडकतो आणि पुढे पोपडे धरतात. त्यावर डिंकात कालवलेले रंग: हिंगूळ, हरताळ, गेरू, नीळ, काजळी. शेवटी लाखेचं रोगण. सावंतवाडीच्या गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले गोल खेळायचे पत्ते, अशाच अस्तर, रंग आणि लाखेनं बनतात. दशावतारी गंजिफेचे दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, एकूण 120. त्याच हाताचे मत्स्य-कूर्म पुढे पाटा-पेट्यांवर उतरले, यात नवल ते काय.

अठराव्या शतकात व्हेनिसच्या सुतारांनी वेगळीच युक्ती काढली. चीन-जपानचं लाखकाम परवडेना, म्हणून छापील चित्रं कापून कपाटावर चिकटवायची, रंगवायची आणि वर रोगणाचे हातावर हात द्यायचे. नावच पडलं 'लाका पोवेरा', गरिबाची लाख. आज गरिबाला त्यातलं एक ड्रॉवरही परवडणार नाही.

आपल्याकडे मात्र वैरी एकच, पाऊस. खानापूरच्या बाजूला तो लागला की लागला. लाकूड हवेतलं पाणी पिऊन आडव्या अंगानं फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. खडूच्या अस्तराला ही ताणाताण सोसत नाही. ते रेघेबरोबर तडकतं आणि सरस सैल पडला की पापुद्रा उभा राहतो. अशा वेळी ओलं फडकं फिरवणं म्हणजे हातानं चित्र पुसणं. मऊ, कोरड्या ब्रशनं धूळ उडवावी. रंग पाण्यात विरघळतो का ते पाहायला तळाशी, न दिसणाऱ्या जागी ओलसर कापूस टेकवावा. कापूस रंगला तर तिथेच थांबावं. सुटलेल्या पापुद्र्याखाली कोमट, अगदी पातळ सरस, शंभर मिलीलीटर पाण्यात तीन-चार ग्रॅम एवढाच, बारीक कुंचल्यानं सोडावा. वर बटर पेपर ठेवून बोटानं हलकेच दाबावं आणि वर छोटं वजन ठेवून रात्रभर तसंच राहू द्यावं.

सॅंडपेपर तर हातातही घेऊ नये. हरताळात आर्सेनिक असतं, हिंगुळात पारा, शेंदरात शिसं. जुना पाळणा कोरडा घासून त्यात बाळ निजवायचं, हे कौतुक भलतंच महाग पडेल.

रोगणाचा नवा हात द्यायचाच तर आषाढ-श्रावणात नको. लाख ज्यात विरघळवलेली असते ते स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं दव त्यावर धरतं आणि लाख दुधासारखी पांढरी पडते. दिवाळीनंतरची कोरडी हवा बरी. तोही हात आधी तळाशी देऊन पाहावा, कारण जुनं रोगण लाखेचंच असेल तर नवं स्पिरिट त्याला विरघळवत जातं.

सणाला चौरंग वापरू नये असं मुळीच नाही. कलशाखाली पितळी ताट ठेवलं की पाण्याचे पांढरे गोल उठत नाहीत. निरांजन त्याच ताटात. हळदीला मात्र उपाय नाही. तडकलेल्या रोगणातून ती अस्तरात शिरते, आणि खडू ती कधी परत देत नाही.