बैलांचं मत

आमच्या घरात कायदा एकच होता, आजोबा सांगतील तो. १९५७ च्या निवडणुकीच्या आदल्या रात्री पडवीत बसून त्यांनी हुकूम सोडला, "सगळ्यांनी बैलजोडीकच मत घालूचा!" सगळे म्हणजे आजी एकटीच. बाबा आणि काका तेव्हा चड्डीत होते, मताला २१ पुरी लागत.

बैलजोडी काँग्रेसची. समोर नाथ पै, प्रजा समाजवादी पक्षाची झोपडी. संयुक्त महाराष्ट्राचं वारं मालवणच्या बाजूला चांगलंच सुटलेलं, पण आजोबा वाऱ्याने हलणारे नव्हते. निदान तसं ते सांगत.

तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायची भानगड नव्हती. उमेदवारागणिक वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह. आडोशाला जाऊन कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची, झालं. लोकसभा-विधानसभा एकदमच, म्हणून माणशी दोन मतं.

आजी ठेवणीतलं लुगडं नेसून शाळेत गेली. टेबलामागच्या साहेबाने विचारलं, "नवऱ्याचं नाव?" आता आली पंचाईत. (पहिल्या निवडणुकीत देशभरात २८ लाखांच्या आसपास बायका यादीतून गळल्या त्या अशाच संकोचापायी. 'अमक्याची बायको' यापलीकडे स्वतःचं नावच सांगेनात.) आजीने खिडकीबाहेर बोट केलं, "ते काय, आंब्याखाली विडी ओढतत ते." मागच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. साहेबाने निमूट यादीवर रेघ मारली.

आडोशाला गेल्यावर मात्र आजीचं डोकं चालू लागलं. "गोठ्यातल्या बैलांक पेंढो मीच घालतंय, शेण मीच काढतंय. आता मतपण तेंकाच?" एक चिठ्ठी झोपडीत गेली. दुसरीच्या वेळी आंब्याखालची विडी आठवली असावी, ती बैलांना.

नाथ पै निवडून आले. "लोकांक अक्कल नाय," म्हणत आजोबा गावभर फिरले. आजी मान डोलवायची.

पुढे कितीतरी वर्षांनी, चतुर्थीला सगळे जमलेले असताना नाथ पैंच्या भाषणांचा विषय निघाला. आजोबांनी सुपारी कातरता कातरता सांगून टाकलं, "बाजारात तेचा भाषण ऐकलंय आणि दोनय मतां झोपडीत टाकलंय. कोणाक बोललंय नाय."

आजी विळीवर नारळ खवत होती. हात थांबवून म्हणाली, "म्हणजे बैलांक आमच्या घरातसून एकच मत पडला, ता माझा?"