खिळ्यावरची किल्ली

रविवार, रात्र.

खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या घराची किल्ली आज दुपारी काकू स्वतः वर येऊन घेऊन गेल्या. "पुण्याला चाललेय, या खेपेला दोन्ही किल्ल्या जवळ असलेल्या बऱ्या," एवढेच म्हणाल्या. बसा म्हटले तर बसल्याही नाहीत. आमच्या दारामागच्या खिळ्यावर ती किल्ली इतकी वर्षे होती की तिच्या कडीने भिंतीचा रंग अर्धगोल घासला गेला आहे, आणि तो ओरखडा मला आज प्रथमच दिसला. एरवी काकू पुण्याला जायच्या तेव्हाच त्या किल्लीचे काम पडत असे: मागच्या अंगणातल्या तुळशीला रोज पाणी घालायचे आणि आठवड्यातून एकदा खिडक्या उघडून घराला हवा द्यायची. तेव्हा किल्ली परत नेण्याचे कारण पुणे असू शकत नाही, हे मला कळते. आणि मला ते कळले आहे, हे काकूंनाही कळत असणार.

कारण गुरुवारचे आहे. काकू विरजण मागायला आल्या तेव्हा मी टेबलाशी होतो, छोट्या व्हाइसमध्ये पितळी कुलूप आवळलेले होते आणि शेजारी हत्यारांची डबी उघडी पडली होती. त्यांनी विचारले म्हणून मी त्यांच्यासमोर ते कुलूप उघडून दाखवले. मिनिटभरही लागला नसेल. "अगोबाई, किल्लीशिवाय?" असे म्हणून त्या थोडा वेळ कुलपाकडे पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "पण हे शिकून करायचं काय रे?" मी या प्रश्नाचे उत्तर दिलेच नाही. मी त्यांना पिना समजावून सांगत बसलो.

काय सांगितले तेही आठवते. किल्लीचे दात पिनांच्या जोड्यांना नेमके इतके उचलतात की खालची पिन आणि वरची पिन यांच्यामधली फट आतल्या फिरत्या नळीच्या कडेशी येते, आणि सगळ्या जोड्या तशा आल्या की नळी फिरते. अमेरिकेतल्या लायनस येल यांनी 1861 आणि 1865 साली ज्या रचनेची पेटंटे घेतली, तीच आजही घरोघरच्या चपट्या किल्लीच्या कुलपात आहे. पिनांची भोके एका रेषेत पाडलेली दिसतात, पण केसभर इकडेतिकडे असतातच. म्हणून नळीला हलका पीळ दिला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत, एखादीच अडकते. ती शोधायची आणि हुकाने उचलायची. बोटाला बारीकशी टिक् जाणवते, नळी किंचित सरकते आणि मग दुसरी पिन अडकते. पीळ किती द्यायचा, तर चिकू पिकला की नाही हे पाहायला आपण बोट ठेवतो, तितकाच. सुरुवातीला माझे सगळे आठवडे जास्त जोर लावण्यातच गेले. जोर जास्त झाला की सगळ्याच पिना घट्ट धरल्या जातात आणि बोटाला काहीच कळेनासे होते.

काकूंनी हे सगळे ऐकून घेतले, विरजणाची वाटी घेतली आणि त्या गेल्या. त्यांना पिनांशी काय करायचे होते?

संध्याकाळभर मनाशी एकच घोळत आहे: त्यांना माझी भीती वाटली का? माझी? 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर गेले तेव्हा काकू पुण्यातच होत्या, आणि गावभागात पाणी चढू लागल्यावर याच किल्लीने मी त्यांचे घर उघडले होते. देवघरातले देव, पितळी डबे, कागदपत्रांची ट्रंक, काकांचा फोटो, सगळे मी वर आणून ठेवले. शेवटच्या खेपेला जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाणी होते. त्यानंतर दोन दिवसांनी आम्हीही बोटीतून बाहेर पडलो. त्या माणसाकडून किल्ली परत न्यायची? हे लिहितानाही हात जड होतो आहे. कोणी उपकार मोजू नयेत हे मला ठाऊक आहे, पण आज मी ते मोजले, ही गोष्ट रोजनिशीत तरी लपवायची नाही.

गुरुवारी ज्या कुलपावर मी काम करत होतो तेही त्याच पुरातले आहे. जिन्याखालच्या खोलीची किल्ली पुरात गेली म्हणून ते कडी करवतीने कापून काढावे लागले होते, आणि नंतर ते खिळ्यांच्या डब्यात तसेच पडून होते. गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत सापडले तेव्हा टाकून देववेना. दोन दिवस रॉकेलमध्ये ठेवले तेव्हा किल्लीच्या भोकातून चहासारखा गाळ खाली आला, कृष्णेचा. ते वाळवून आत पेन्सिलीच्या शिशाची पूड सोडली आणि मग रोज जेवणानंतर अर्धा तास त्याच्यापुढे बसू लागलो. तीन आठवड्यांनी नळी फिरली. कापलेल्या कडीचा उरलेला तुकडा आतल्या स्प्रिंगने वर उसळला आणि मी दोन्ही हात टेबलावर टेकून नुसता बसून राहिलो. इतकी वर्षे बंद असलेली एक वस्तू मी काहीही न मोडता उघडली होती.

हत्यारे म्हणाल तर दोनच लागतात: पीळ द्यायची वाकडी पट्टी आणि एक लहान हूक. वीस-वीस नगांचे संच विकत मिळतात, पण नवशिक्याने त्यांच्या नादी लागू नये असे माझे स्पष्ट मत आहे. दातेरी रेक आत घालून भराभर पुढे-मागे ओढला की स्वस्तातले कुलूप पुष्कळदा उघडते, मात्र ते का उघडले हे उघडणाऱ्याला कळत नाही. माझी पट्टी वायपरच्या रबरात असते त्या पोलादी पट्टीची आहे आणि हूक हॅक्सॉ ब्लेडचा, कारण त्या ब्लेडची जाडी सुमारे 0.6 मिलिमीटर असते आणि हुकाला तेवढीच लागते. घासताना ब्लेड सारखे पाण्यात बुडवावे लागते, नाहीतर पोलादाचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो आणि टोक पहिल्याच पिनेला वाकते. शेवटी बारीक पॉलिश पेपरने कडा इतक्या गुळगुळीत करायच्या की हूक आत सरकताना बोटाला पिनेखेरीज दुसरे काही कळता कामा नये. मिरजेला सतारीची जवारी काढणाऱ्या, म्हणजे तारांखालची घोडी घासून नाद जुळवणाऱ्या, कारागिराला मी घोडीवरून कानस एकदा फिरवून तार छेडताना आणि पुन्हा कानस उचलताना पाहिले आहे. त्या हाताची मला फार आठवण होते.

नियमही मी पहिल्या दिवसापासून पाळतो. जे कुलूप आपले नाही त्याला हात लावायचा नाही, आणि आपले असले तरी रोजच्या वापरातल्या कुलपावर सराव करायचा नाही, कारण आत पिन बिघडली तर दार बंदच राहते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या 122 व्या कलमानुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात संशयास्पद स्थितीत, समाधानकारक कारणाशिवाय घरफोडीची हत्यारे जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. म्हणून माझी डबी कधीच घराबाहेर जात नाही. हे सगळे गुरुवारी काकूंना सांगायला हवे होते की काय, असे दुपारी वाटले. खाली जाऊन आणखी एक गोष्ट सांगावी असेही वाटले: "काकू, तुमचे कुलूप सात लिव्हरचे आहे, त्यात अशा पिना नसतात, एकावर एक पट्ट्या असतात, आणि माझ्या या हत्यारांनी ते उघडतच नाही." अर्ध्या जिन्यापर्यंत गेलोही, आणि तिथूनच परत फिरलो. तुमचे घर मला उघडता येत नाही, असे शेजाऱ्याला सांगायला जाणारा माणूस त्या शेजाऱ्याला कसा दिसेल?

शिवाय ते खोटेही होते. काकूंचे घर मला इतकी वर्षे उघडता येतच होते, कारण किल्ली माझ्याकडे होती. रात्री-अपरात्री, त्या घरात नसताना, मला केव्हाही आत जाता आले असते, आणि त्याची त्यांना कधी भीती वाटली नाही. मग गुरुवारी नवीन काय झाले? संध्याकाळी दिवा लावताना ते उलगडल्यासारखे झाले. किल्ली त्यांनी दिलेली होती आणि मनात येईल तेव्हा त्यांना ती परत मागता येत होती. हातात आलेली ही विद्या त्यांनी दिलेली नाही आणि त्यांना ती परतही मागता येणार नाही. जे परत मागता येत होते, ते त्या आज घेऊन गेल्या.

1851 साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन माणसाने ब्रामा कंपनीचे कुलूप उघडले. सुमारे साठ वर्षे ते दुकानाच्या खिडकीत, उघडणाऱ्याला 200 गिनींचे बक्षीस लावून ठेवलेले होते. हॉब्जला 16 दिवसांत मिळून 51 तास लागले. त्याचे कौतुक झाले, पण लोक बेचैनही झाले, वर्तमानपत्रांतून वाद झाले. दिवाळीनंतर हे वाचले तेव्हा मी सर्वस्वी हॉब्जच्या बाजूचा होतो: कुलूप कच्चे असेल तर ते कळलेलेच बरे. आजही मी त्याच बाजूचा आहे. मात्र त्या रात्री आपल्या दाराची कडी पुन्हा एकदा उठून पाहणाऱ्या लंडनच्या एखाद्या म्हातारीचा विचार मी आजवर केला नव्हता.

साडेपाचच्या एसटीला निघताना काकूंनी कुलूप लावले. ते लावल्यावर तीनदा ओढून पाहण्याची त्यांची सवय जुनी आहे, पुराच्याही आधीची. वरून मला तिन्ही हिसके ऐकू आले. चौथा होतो का म्हणून मी कान देऊन उभा होतो, आणि तो झाला नाही. मग त्यांनी खालूनच हाक मारली, "तुळस जिन्यापाशी आणून ठेवलीय रे, विसरू नकोस." मी खाली पोचेपर्यंत रिक्षा वळली होती. कुंडी पहिल्या पायरीच्या कडेला होती, मागच्या अंगणातून तिथवर ओढत आणल्याची मातीची रेघ दारापासून दिसत होती, आणि त्या वयात काकूंनी ती एकटीने ओढली होती. मी तांब्याभर पाणी घातले. ती जागा अंधारी आहे, ऊन तिथे येत नाही. उद्या सकाळी कुंडी वर आमच्या गॅलरीत नेतो आणि तसा काकूंना फोन करतो.