ब्रेक दाबला की डॅशबोर्ड उजळतो

शुक्रवार, रात्री साडेबारा

आत्ता घरी पोचलो. लेक गाडीतच झोपली होती, नवऱ्याने तिला उचलून वर नेलं, आणि मी स्वयंपाकघरात चहा करून लिहायला बसलेय कारण झोप येणं शक्यच नाही, डोळ्यासमोरून त्या लाइट्स हलत नाहीयेत.

इंग्लंडमधल्या गुडवुडला गेलो होतो, रिव्हायव्हलला, म्हणजे जुन्या रेसिंग गाड्यांच्या जत्रेला. शुक्रवारी खरं तर प्रॅक्टिसचा दिवस, मोठ्या रेसेस शनिवार-रविवारी, पण मला शुक्रवारच आवडतो कारण पॅडकमध्ये, जिथे रेसच्या गाड्या उभ्या असतात तिथे, निवांत फिरता येतं, आणि संध्याकाळी जीटी गाड्यांची ती एक रेस असते जी उजेडात सुरू होऊन अंधारात संपते. सगळे जुन्या काळचे कपडे घालून येतात, मी आजीचं इरकल नेसले होते, हिरवं, लाल काठाचं. आजीने ते पन्नासच्या दशकात घेतलेलं, म्हणजे काळाच्या हिशोबात अगदी बरोबर बसतं. दोन आज्या थांबून पदर हातात घेऊन बघत होत्या, ही कुठली वीण म्हणून. फार बरं वाटलं.

पॅडकमध्ये युद्धाआधीची एक सिंगल सीटर सुरू केली आणि तो वास आला. एरंडेलाचा! या गाड्यांच्या इंजिनात अजून एरंडेलाचं रेसिंग ऑइल घालतात, कॅस्ट्रॉल हे नावसुद्धा कॅस्टर म्हणजे एरंडेलावरूनच आलंय. माझ्या लेकीला तो वास नवा आहे, मला मात्र एकदम लहानपणचा रविवार, आजीच्या हातातला चमचा आणि नाक दाबून धरलेली मी. जळालेल्या एरंडेलाचा वास त्याहून गोड असतो, थोडा भाजल्यासारखा, पण ओळखू येतोच.

संध्याकाळी आम्ही सेंट मेरीज वळणाजवळ उभे होतो. १९६२ च्या ईस्टर मंडेला स्टर्लिंग मॉस या नामांकित ब्रिटिश रेसिंग ड्रायव्हरचा अपघात झाला तो तिथेच, त्यानंतर त्याचं वरच्या दर्जाचं रेसिंग संपलं. हा ट्रॅक म्हणजे युद्धातल्या वेस्टहॅम्पनेट विमानतळाच्या कडेने फिरणारा रस्ता, २.४ मैलांचा, १९४८ ला रेसिंग सुरू झालं, १९६६ ला बंद पडलं आणि १९९८ ला जुन्या गाड्यांसाठी पुन्हा उघडलं. १९५२, ५३ आणि ५५ ला इथे नऊ तासांची रेस व्हायची, दुपारी तीन ते रात्री बारा, तिन्ही वेळा ॲस्टन मार्टिन जिंकली. आज तासाभराचीच होती पण शेवटच्या पंधरा मिनिटांत आकाश जांभळं झालं आणि पिवळट हेडलाइट्सची रांग वळणात खाली उतरताना दिसायला लागली, एकेक गाडी घसरतीये, सावरतीये, मागची लाल लाइट थरथरतीये. साठ वर्षांच्या वायरींमधून तो करंट जातोय आणि ड्रायव्हर त्याच्या भरवशावर ताशी शंभर मैलांनी अंधारात शिरतोय, याचंच मला सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं. कुणीतरी आदल्या रात्री पाठीवर झोपून त्यातला प्रत्येक जॉइंट बघितलेला असणार.

आणि मग आमची गाडी. १९७१ ची एमजीबी जीटी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. १९६६ च्या आधीच्या गाड्यांना वेगळं छान पार्किंग असतं, आमची पाच वर्षांनी चुकते, म्हणून लांबच्या शेतात. मिडहर्स्टच्या पुढे अंधाऱ्या रस्त्यावर माझ्या लक्षात आलं की ब्रेकवर पाय ठेवला की डॅशबोर्डवरची उजव्या इंडिकेटरची हिरवी लाइट मंद पेटतेय. इंडिकेटर बंद आहे! पीटर्सफील्डला पेट्रोल पंपावर थांबलो, नवऱ्याला मागे उभं केलं, मी ब्रेक दाबला. तो म्हणाला, डावीकडची ब्रेक लाइट लागली, उजवीकडची लागलीच नाही, उलट जी टेल लाइट चालू होती ती पण गेली. म्हणजे मागच्या गाडीला मी ब्रेक मारल्यावर अर्धी गाडी गायब होत होती. पोटात गोळा आला. तिथून पुढे डाव्या लेनमधून हळूहळू आलो, रेडिंगपर्यंत.

शनिवार

सकाळपासून बोनेट उघडं, डिकी उघडी, मल्टिमीटर हातात. चाळीस वर्षांपेक्षा जुन्या गाडीला इथे आता दरवर्षीची एमओटी तपासणी लागत नाही, त्यामुळे कुणी विचारणार नाही, पण म्हणूनच मला जास्त जबाबदारी वाटते, मागून येणाऱ्याचा जीव त्या २१ वॅटच्या बल्बवर आहे.

आधी बल्ब बदलला. तेच. मग वायरी शोधल्या. या गाड्यांचं एक चांगलं, रंगांची भाषा ठरलेली असते: तपकिरी म्हणजे थेट बॅटरीवरून, पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर, हिरवी म्हणजे तीच पण फ्यूजमधून आलेली, हिरवीवर जांभळी रेघ म्हणजे ब्रेक लाइट, हिरवीवर पांढरी म्हणजे उजवा इंडिकेटर, लाल म्हणजे टेल आणि डॅशबोर्ड, काळी म्हणजे अर्थ (अर्थिंग), करंटची बॉडीतून बॅटरीकडे परतायची वाट. हिरव्या-जांभळ्यावर बारा व्होल्ट येतायत. लालवर येतायत. काळी वायर बॉडीपर्यंत चेक केली, मीटर म्हणतोय शून्य ओहम, म्हणजे ओके. सगळं ओके आणि लाइट लागत नाही. दुपारचे अडीच वाजले तरी काही अर्थ लागेना, नवरा म्हणाला जेवून घे आधी.

रविवार

सकाळी दहाला बाबांना व्हिडिओ कॉल लावला, तिकडे अडीच वाजले होते, जेवून पंख्याखाली बसले होते. बाबांचं सांगलीत डायनामो आणि सेल्फ दुरुस्तीचं दुकान होतं, चाळीस वर्षं, ट्रक, ट्रॅक्टर, ॲम्बेसिडर. मी दहावीपर्यंत त्या दुकानाच्या बाकावर बसून अभ्यास केलाय, शाळेत मैत्रिणींना मात्र बाबा "बिझनेस" करतात असं सांगायचे, ते आठवलं की आता जीव कसनुसा होतो.

गाडी दाखवली तर त्यांना आधी इंजिन बघायचं होतं. बघितलं आणि खुर्चीत पुढे सरकले. "अगं हे तर ॲम्बेसिडरचं इंजिन!" घराणं तेच आहे, बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं बी सिरीज, ॲम्बेसिडरमध्ये १४८९ सीसीचं होतं, यात १७९८. टॅपेट कव्हरवरून हात फिरवावा तसा त्यांनी स्क्रीनवरून बोट फिरवलं.

मग मी लक्षण सांगितलं. पूर्ण सांगूसुद्धा दिलं नाही. "लाइट बंद ठेव, नुसता ब्रेक दाब, डॅशबोर्डवर काय होतंय बघ." लेकीला ड्रायव्हर सीटवर बसवलं, नुसती चावी फिरवून ठेवली, गॅरेजचा दिवा घालवला, ती ओरडली, आई, मीटरच्या मागचे दिवे लागतायत, मंद मंद! लाइटचा स्विच बंद आणि ब्रेक दाबला की डॅशबोर्ड उजळतोय.

"ट्रॉलीचा आजार आहे हा," बाबा म्हणाले. कारखान्याच्या सीझनमध्ये ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांची मागची लाइट त्यांच्याकडे रोज यायची. तिथे पॉझिटिव्ह वायर ओढलेली असते आणि अर्थ जातो ट्रॅक्टरच्या हुकातून, गंजलेल्या खिळीतून. तो अर्थ तुटला की करंट बिचारा परतीची वाट शोधत हिंडतो. माझ्या गाडीत तेच, ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेल्या करंटला बॉडीत उतरता येत नाही, मग तो त्याच बल्बमधल्या टेलच्या फिलामेंटमधून उलटा लाल वायरीत शिरतो आणि डॅशबोर्डच्या दिव्यांमधून घरी जातो. शेजारच्या इंडिकेटरचा अर्थ पण तोच, म्हणून तिकडूनही जातो आणि वाटेत ती हिरवी लाइट पेटवतो. टेल लाइट चालू असली तर तिच्या फिलामेंटच्या दोन्ही टोकांना बारा व्होल्ट, मग करंट वाहणार कसा, म्हणून ती विझते. किती स्वच्छ आहे हे! काल दिवसभर मी एकेक वायर सुटी सुटी बघत होते.

पण मीटर शून्य ओहम दाखवतोय, मी म्हटलं. त्यावर बाबांचं उत्तर मला वहीत लिहून ठेवायचंय: "मीटर मुंगीएवढा करंट पाठवतो बाळ, मुंगी कुठनं पण जाते. बैल पाठवून बघ." २१ वॅटचा बल्ब म्हणजे पावणेदोन अँपिअर. वायरीतली दोनच तारा शिल्लक असल्या तरी मीटर खूश, बल्ब मात्र उपाशी. त्यांनी सांगितल्याप्रमाणे एक जाड वायर घेऊन एक टोक लाइटच्या बॉडीला आणि दुसरं बंपरच्या उघड्या बोल्टला धरलं, लेकीला म्हटलं दाब. लख्ख लाल! पुन्हा सोड, पुन्हा दाब. आम्ही सगळे ओरडलो, बाबा तिकडे हसतायत, मागून आई विचारतेय काय झालं.

काळी वायर डिकीच्या कोपऱ्यात नटाखाली होती, कार्पेटच्या आत. आधीच्या कुण्या मालकाने डिकी रंगवली आणि रंगावरच रिंग ठेवून नट आवळला, पन्नास वर्षांच्या ओलीने बाकीचं काम केलं. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवी रिंग दाबून बसवली, दातेरी वॉशर टाकला, वरून व्हॅसलिन. डावीकडचा पण केला, बाबांनी सांगितलं म्हणून.

मग त्यांनी इंजिन चालू करायला लावलं. चावी फिरवली की आधी मागून पेट्रोल पंप टिकटिकतो, भरभर, मग संथ होत थांबतो, मग सेल्फ मारायचा. फोन बोनेटजवळ धरला होता. ते डोळे मिटून ऐकत होते. "दोन नंबरचा टॅपेट थोडा सैल आहे," म्हणाले, "पण राहू दे, आवाज छान आहे." दोनदा बंद करून पुन्हा चालू करायला लावली.

मंगळवार

रात्री मुद्दाम चक्कर मारून आले, नवरा मागून दुसऱ्या गाडीत. दोन्ही बाजू एकसारख्या लाल.

आता हॉर्न. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की वाजत नाही, सरळ असताना वाजतो. जांभळी वायर, जांभळी-काळी वायर, दोन्ही सुटलेल्या नाहीत. बाबांना मेसेज टाकून ठेवला होता, तिकडे मध्यरात्र म्हणून फोन केला नाही. तरी उत्तर आलंय, जागेच होते: स्टिअरिंगच्या आतला ब्रश, म्हणजे फिरताना करंट जोडून ठेवणारा तो तुकडा, बघ, झिजला असेल. उद्या संध्याकाळी खोल, पण मला आधी फोन कर.