छतांवरचं गॉसिप नेटवर्क: फर्मवेअर ०.४ ची नोंद

नागपुरातल्या १२ छतांवरचे नोड, म्हणजे सेन्सर, बॅटरी आणि रेडिओ असलेले छोटे डबे, आता मधल्या कुठल्याही सर्व्हरशिवाय एकमेकांची स्थिती जुळवून घेतात. प्रत्येकाकडे १२ नोडचा तक्ता असतो: तापमान, बॅटरीचं व्होल्टेज, वीज आहे की गेली. दाभ्याच्या नोडमधला तक्ता आणि इतवारीच्या नोडमधला तक्ता, उशिरा का होईना, तंतोतंत सारखा व्हायला हवा. बाकी सगळं त्यासाठीच.

हार्डवेअरचं थोडक्यात. इएसपी३२ (नोड चालवणारी चिप), एसएक्स१२६२ (लांब पल्ल्याचा लोरा रेडिओ), लिथियम आयर्न फॉस्फेट सेल. साध्या लिथियम-आयन सेलला ४५ अंशांवर चार्ज करू नये म्हणतात, आणि मे महिन्यात नागपुरात सावलीतच पारा तिथे पोहोचतो. उन्हातल्या डब्याचं तर विचारूच नका. रेडिओ मॉड्यूल टीसीएक्सओवालंच घ्यावं, म्हणजे तापमान बदललं तरी फ्रिक्वेन्सी धरून ठेवणाऱ्या क्रिस्टलचं. साध्या क्रिस्टलचा १० पीपीएमचा (दहा लाखांत १०) सरकाव ८६५ मेगाहर्ट्झवर जवळपास ८.७ किलोहर्ट्झ होतो, आणि तापलेलं छत व थंड खोली असे दोन नोड विरुद्ध दिशांना सरकले की पॅकेट गळण्याचा धोका वाढतो. फ्रिक्वेन्सी ८६६.५ मेगाहर्ट्झ ठेवली आहे, म्हणजे लोरावॅन या लोरा रेडिओंच्या प्रमाणित नेटवर्कच्या ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ या ठरलेल्या चॅनलांपासून लांब. बँडविड्थ १२५ किलोहर्ट्झ, स्प्रेडिंग फॅक्टर ९ (हा आकडा जितका मोठा तितका पल्ला लांब, पण पॅकेट संथ).

आता मुख्य मुद्दा. पुस्तकातलं गॉसिप असं चालतं: दर फेरीला एक शेजारी यादृच्छिक निवडा, त्याला आपल्याकडच्या माहितीचा गोषवारा द्या, तो फरक पाठवेल. १९८७ च्या झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेच्या शोधनिबंधापासून कॅसँड्रा या डेटाबेसपर्यंत गाभा हाच. पण ही सगळी मांडणी तारेवरची, जिथे एकाला पाठवलेलं दुसऱ्याला ऐकू जात नाही. रेडिओवर सदर भागातला नोड बोलला की आवाक्यातले सगळेच ऐकतात. म्हणून शेजारी निवडायची पायरी ०.४ मध्ये काढूनच टाकली. गोषवारा सगळ्यांसाठी प्रसारित होतो, आणि ज्याच्याकडे जास्त ताजं काही असेल तो उत्तर देतो.

गोषवाऱ्यात प्रत्येक नोडमागे ७ बाइट: ओळख १, पिढी २ (हिच्याबद्दल पुढे), आवृत्ती ४ (नोडने नवी नोंद लिहिली की वाढणारा आकडा). बारा नोडचे ८४, वर ८ बाइटचं हेडर (पॅकेटच्या सुरुवातीची माहिती), एकूण ९२. वरच्या सेटिंगवर त्याला हवेत सुमारे ५१३ मिलिसेकंद लागतात. बारा जणांनी दर ३० सेकंदांनी हे केलं तर चॅनल २० टक्के वेळ व्यापलेला राहील. न विचारता बोलणाऱ्यांच्या चॅनलची क्षमता सिद्धांतानेच १८ टक्क्यांच्या आसपास संपते, तेव्हा हा हिशेब कागदावरच बाद. म्हणून ट्रिकल पद्धत घेतली: मध्यांतर ६० सेकंदांपासून सुरू, सगळे तक्ते जुळलेले असतील तर दुप्पट होत १६ मिनिटांपर्यंत, फरक दिसला की परत ६० वर. एका मध्यांतरात आपल्यासारखाच गोषवारा दोनदा ऐकू आला तर आपण गप्प राहायचं. शिवाय सगळं जुळलेलं असताना पूर्ण गोषवारा न पाठवता तक्त्याचा ४ बाइटचा हॅश (सगळ्या तक्त्यावरून काढलेला छोटा आकडा) पाठवायचा. हेडरसकट तेवढ्याला १४४ मिलिसेकंद पुरतात.

यात एक खोच आहे. नोड जिवंत असल्याची खूण म्हणून दर मिनिटाला आवृत्ती वाढवली तर तक्ते कधीच जुळलेले दिसत नाहीत आणि मध्यांतर कायम ६० वरच अडकतं. म्हणून खूण १५ मिनिटांनी एकदा, आणि तापमानाची नवी नोंद अर्ध्या अंशाचा फरक पडला तरच. गप्प नोड म्हणजे मेलेला नोड असंही धरायचं नाही. ४५ मिनिटं नवी खूण आली नाही तर ‘संशयित’. ही ४५ मिनिटं ऐकणाऱ्याने स्वतःच्या घड्याळावर मोजायची. पाठवणाऱ्याची वेळ पॅकेटमध्ये जातच नाही, त्यामुळे घड्याळं जुळवायचा प्रश्नच उरत नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा असा भाग म्हणजे फरकाचं पॅकेट. समजा, दाभ्याच्या नोडने बॅटरी ४१, वीज ४२, तापमान ४३ या आवृत्त्यांनी लिहिलं आणि पॅकेटमध्ये जागा दोनच नोंदींची आहे. ४१ आणि ४३ पाठवले तर घेणारा ‘दाभा: ४३ पर्यंत आहे’ असं नोंदवतो, आणि वीज गेल्याची ४२ वी नोंद तो पुन्हा कधीच मागत नाही. वीज पुन्हा बदलेपर्यंत तक्ता चुकीचाच राहतो, कुठेही एरर न दिसता. म्हणून एका नोडच्या नोंदी चढत्या आवृत्तीनेच भरायच्या, जागा संपली की तिथेच थांबायचं. मध्ये काहीही गाळायचं नाही.

तेवढ्यानेही भागत नाही, कारण पॅकेट इतरही ऐकतात. समजा, दाभ्याची ४० पर्यंत माहिती असलेल्या सदरसाठी धरमपेठने दाभ्याच्या ४१ आणि ४२ पाठवल्या. महालने ते सहज ऐकलं, पण त्याच्याकडे ३७ पर्यंतच होतं. त्याने ते घेतलं तर ३८ ते ४० मधली नोंद कायमची हुकली. उपाय: प्रत्येक फरकावर ‘इतक्या आवृत्तीपासून पुढे’ हा आकडा लिहायचा. आपली आवृत्ती त्या आकड्याएवढी किंवा जास्त असेल तरच पॅकेट घ्यायचं, नाहीतर सोडून द्यायचं. पिढी बदलली असेल तर हा आकडा शून्य असावाच लागतो. हीच तपासणी हरवलेल्या पॅकेटलाही पुरते, त्यामुळे पोच मागायची गरज पडत नाही.

पिढी म्हणजे नोड कितव्यांदा सुरू झाला तो क्रमांक. तो फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, राहतो. नसता तर रीसेट झालेल्या नोडची आवृत्ती १ पासून सुरू झाली असती आणि बाकीच्यांनी त्याची नवी माहिती शिळी म्हणून फेकली असती. फ्लॅश पूर्ण पुसून फर्मवेअर चढवलं तर पिढीही पुसली जाते. त्यासाठी नोड सुरू झाल्यावर आधी नुसता ऐकतो, आणि कुणाच्या गोषवाऱ्यात स्वतःची मोठी पिढी दिसली तर तिच्यापेक्षा एक जास्त घेतो. पिढी लिहायची ती ३० सेकंद नीट चालल्यावरच. नाहीतर कमजोर बॅटरीवर नोड पुन्हापुन्हा रीसेट होत असेल तर क्रमांक उगाच वाढत जातो.

वीज परत आली की एका फीडरवरचे (एकाच वीजवाहिनीवरचे), बॅटरी संपून बंद पडलेले नोड एकदम जागे होतात आणि एकदमच बोलतात. म्हणून नुसतं ऐकणं संपल्यावरचं पहिलं प्रसारण ० ते ६० सेकंदांत कधीही, असं विखुरलं आहे. इथे लक्षात ठेवा: वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही बंद असताना इएसपी३२ चा रँडम आकडा खरा रँडम असेलच याची हमी नाही. मॅक ॲड्रेस (प्रत्येक चिपचा वेगळा क्रमांक) त्यात मिसळा.

नोड कायमचा काढायचा असेल तर नुसती ओळ पुसू नका. पुढच्याच गोषवाऱ्यातून ती परत येते. ‘काढला’ अशी नोंद ७ दिवस ठेवायची. ७ दिवसांहून जास्त तुटलेला नोड परत आला तर तक्ता रिकामा करूनच सामील करायचा.

दोन गोष्टी बाकी आहेत. दाभा आणि सदर यांच्यामध्ये सेमिनरी हिल्स असल्याने ते एकमेकांना ऐकत नाहीत, पण धरमपेठ दोघांनाही ऐकतो. बोलण्याआधी चॅनल तपासणं त्यांच्या उपयोगाचं नाही आणि दोघांची उत्तरं धरमपेठवर आदळतात. सध्या उत्तराआधीचा यादृच्छिक थांबा २ सेकंदांवरून ६ केला आहे. टक्कर घटते, पण तक्ते जुळायला उशीर होतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हेडरमधला ४ बाइटचा तपासणी कोड आत्ता नुसता सीआरसी आहे: वाटेत बिघडलेलं पॅकेट त्याने कळतं, मुद्दाम बनवलेलं खोटं पॅकेट नाही. कुणी पिढी ६५५३५ लिहून एकच पॅकेट सोडलं तर खऱ्या नोडला त्यापुढचा क्रमांकच उरत नाही. ०.५ मध्ये त्या जागी सामायिक किल्लीने काढलेला कोड येईल, आणि माहीत असलेल्या पिढीपेक्षा १०० हून मोठी उडी थेट नाकारली जाईल.