साठ मीटर काँक्रीटचा हिशेब

हवेली तालुक्यातल्या आमच्या गावचा रस्ता मार्चअखेर डांबरी झाला आणि जूनमध्ये दोन पावसांतच उखडला. मी राहते कोथरूडला, पण सासरचं घर त्या रस्त्यावर आहे. एकतीस वर्षं बँकेत हिशेब जुळवले. त्यामुळे खड्ड्यांपेक्षा मला वेगळाच प्रश्न पडला: बिल निघालं ते कोणी, काय मोजून?

जुलैत बांधकाम खात्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज केला, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, चाचणी अहवाल आणि मोजमाप पुस्तिका, एवढंच मागितलं. ज्यांना असा अर्ज करायचा असेल त्यांनी 'रस्त्याची सर्व माहिती मिळावी' असं कृपया लिहू नका. 'एमबी', म्हणजे मोजमाप पुस्तिका, मागा. कंत्राटदाराचं बिल उभं राहतं ते त्या पुस्तिकेतल्या नोंदींवरच.

३० दिवस गेले, उत्तर आलं नाही. मग २० रुपयांच्या स्टॅम्पवर पहिलं अपील. सुनावणीत अपिलीय अधिकाऱ्यांनी मला कागदपत्रांची प्रत्यक्ष पाहणी करू देण्याचा आदेश दिला.

ऑक्टोबरात एका दुपारी त्या कार्यालयात बसले. समोर एमबी ठेवली गेली. लांबी, रुंदी, जाडी, परिमाण असे रकाने, खाली शाखा अभियंत्यांची सही, उपअभियंत्यांची तपासणीची सही. लांबी १८०० मीटर, रुंदी ३.७५ मीटर, कार्पेट, म्हणजे डांबराचा वरचा थर, २० मिलिमीटर. पहिल्या मीटरपासून शेवटच्यापर्यंत एकच सलग नोंद. मी ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली, कारण गावठाणात मारुतीच्या देवळासमोर साठेक मीटरचा जुना काँक्रीट रस्ता आहे. ग्रामपंचायतीने केलेला. त्यावर डांबराचा थेंबही पडलेला नाही. म्हणजे साधारण २२५ चौरस मीटर डांबरीकरण फक्त कागदावर झालं होतं. मला संताप आला. ही रक्कम कोट्यवधींची नव्हती, पण तो लोकांचा पैसा होता आणि खाली दोन सह्या होत्या.

साक्षांकित प्रती घेऊन आमदारांच्या कार्यालयात गेले. त्यांच्या स्वीय सहायकांनी माझं तीन पानी पत्र वाचलं आणि म्हणाले, "काकू, हे सगळं बरोबर आहे, पण सभागृहात पत्र चालत नाही. 'हे खरे आहे काय' अशा भाषेत चार मुद्दे द्या." मी सरकारी खर्च तपासणाऱ्या, आमदारांच्या लोकलेखा समितीचं विचारलं. त्यांनी समजावून सांगितलं, "कॅगचं ऑडिट होणार, अहवाल राज्यपालांकडे जाणार, विधिमंडळात मांडला जाणार, मग समिती सचिवांची साक्ष लावणार. तोवर तुमच्या रस्त्यावर दुसरं डांबर पडलेलं असेल."

त्यांचं म्हणणं खरं होतं. तरीही मी त्या वाटेला कमी लेखत नाही. संसदेत लोकलेखा समितीचं अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाकडे दिलं जातं. खर्च करणाऱ्यांनीच स्वतःला तपासू नये, हा त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. बांधकाम खात्यात 'ऑडिट पॅरा', म्हणजे ऑडिटमधला लेखी आक्षेप, या दोन शब्दांना जे वजन आहे, तेही याच व्यवस्थेमुळे. म्हणून कागदांचा एक संच मुंबईला महालेखापालांकडे, म्हणजे कॅगच्याच राज्यातल्या कार्यालयाकडे, रजिस्टर पोस्टाने पाठवलाच.

चार मुद्दे लिहायला मात्र मला दोन रात्री लागल्या. भावना काढून टाकायच्या आणि साखळी क्रमांक (रस्त्यावरचं ठिकाण दाखवणारे अंतराचे आकडे), मीटर, तारखा ठेवायच्या. आमदारांनी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी तारांकित प्रश्न, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणारा प्रश्न, दिला. तो चर्चेला आलाच नाही, पण छापील उत्तर मिळालं. पहिल्या मुद्द्यापुढे लिहिलं होतं, 'अंशतः खरे आहे.' पुढे फेरमोजणी करून जादा रक्कम वसूल करण्यात येईल आणि दोषदायित्व कालावधी (काम बिघडल्यास कंत्राटदार जबाबदार राहतो ती मुदत) शिल्लक असल्याने दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चाने होईल, असं उत्तर. माझ्या अर्जाला महिनाभर पोचही मिळाली नव्हती. तोच प्रश्न सभागृहातून गेल्यावर खात्याला लेखी उत्तर द्यावं लागलं.

जानेवारीत फेरमोजणी झाली. नवीन शाखा अभियंता आले होते, वयाने माझ्या मुलाएवढे. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस नव्हता, ते मी धरलं. देवळासमोर काँक्रीट ६१ मीटर भरलं. त्यांनी तिथेच, दुचाकीच्या सीटवर एमबी ठेवून, नवी नोंद लिहिली आणि वजावटीचा आकडा लाल शाईने टाकला. मग वही माझ्याकडे वळवून म्हणाले, "मावशी, एकदा वाचून बघा."

मी वाचली. आकडा बरोबर होता. महालेखापालांकडून अजून काही कळलेलं नाही, मी दर तीन महिन्यांनी स्मरणपत्र पाठवते आहे.